चिंचेने घासलेला फोन

मलकापूर, ११ जुलै

ताई,

कागदावर लिहायची सवय बारावीनंतर सुटली, तेव्हा अक्षराचं आधीच पोटात घाल. माझा नंबर तू बंद करून ठेवलास. दुसऱ्याच्या मोबाइलवरून एकदा लावला, तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून टपाल. पोस्टातल्या बाईंकडे आंतरदेशीय पत्र मागितलं तर त्यांनी मला वर-खाली पाहिलं. "कोनासाठी रे बावा?" बहिणीसाठी म्हटलं. "राखीले तं अजून महिना आहे," म्हणाल्या. मी हसलो. हसायला काय जातं.

मी नारायणरावांकडे आहे. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले, पंचाहत्तरीचे, एकटे. स्टेशनमागच्या गल्लीत दोन खोल्या, त्यातली एक पूर्ण जुन्या फोनांची. दीड वर्ष झालं, त्यांच्यासाठी मी गावोगाव फिरून फोन शोधतो. तुला आठवत असेल, मी आयटीआय सोडली, मग ट्रकवर गेलो, मग मोबाइल दुरुस्ती, मग ते मधमाशांचं. हे पहिलं काम आहे ज्यातून मी पळालो नाही. प्रत्येक फोनाखाली नारायणराव एक कार्ड ठेवतात. कोणत्या घरचा, कोण बोलायचं त्यावरून, कोणी आणून दिला. अक्षर असं की छापल्यासारखं.

आता मुद्द्यावर येतो. एप्रिलमध्ये तुमच्याकडे तुझ्या नणंदेला, सुचिताला, आपल्या मुलासाठी पाहायला मलकापूरचे शेषराव आले, आणि मीही नेमका त्याच दिवशी टपकलो. आमरस झाल्यावर तुझ्या सासऱ्यांनी, मामाजींनी, देवघरातून तो फोन आणून पाहुण्यांपुढे ठेवला. तसला फोन मी तोवर फक्त नारायणरावांच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. खाली गोल बैठक, त्यावर हातभर उभा दांडा, टोकाला बोलायचं फूल, आणि बाजूच्या आकड्याला टांगलेलं कानाला लावायचं डमरू. विलायतेत त्याला मेणबत्तीच्या स्टँडवरून नाव आहे. नारायणराव उभा फोन म्हणतात. सगळ्या जिल्ह्यात त्यांना एकही मिळालेला नाही.

मामाजी सांगत होते, जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणींना आग लागली तेव्हा त्यांचे वडील, साधे मापारी, आतच थांबून या फोनवरून बंब येईपर्यंत एक्स्चेंजला कळवत राहिले. पुढं जिनिंग बंद झाली तेव्हा मालकानं हाच फोन त्यांच्या हातात दिला. मी तो हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि म्हणालो, "मामाजी, हा नकली आहे. शोपीस. असे आजकाल दुकानात मिळतात."

शेषरावांनी सुपारी फोडली. मी तर वर म्हणालोही, "राहू द्या, मी घेऊन जातो, तुमच्या काय कामाचा." मामाजींनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि आत गेले.

ताई, माझी चूक झाली. तो पिवळाधमक चमकत होता, कुठं नाव नाही, नंबर नाही, काळा रंग नाही. शोपीसवाले नकली फोन असेच पिवळे असतात. आता नारायणरावांनी समजावलं. खऱ्यातही आतून पितळच असतं, वरून काळा रंग. तुमच्याकडे दर दसऱ्याला विळे, कुऱ्हाडी, पावशी मांडतात तसा तो फोनही मांडतात, आणि त्याआधी चिंच-राखेनं घासतात. सत्तर दसरे घासलेला फोन. रंग गेला, नाव गेलं. मी फसलो.

फोन कुठं आहे आता? मामाजींना विचारून मला फक्त दोन ओळी लिही. पत्ता मागं आहे.

हरी


शेगाव, ३ ऑगस्ट

ताई,

तू लिहिलं नाहीस. मीच तिकडं आलो होतो, तुला माहीत नसेल. वरवट बकालच्या स्टँडवर उतरलो, तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. तिथं एक माणूस बकरीला पावसाची टोपी घालत होता. प्लॅस्टिकची पिशवी, दोन भोकं पाडून शिंगं बाहेर काढलेली. मी अर्धा तास त्याच्याशी बोलत बसलो. बकरीचं नाव मॅडम. मग माझी हिंमत गेली आणि मी परत फिरलो.

संग्रामपुरात कृषी केंद्रासमोर भाऊजी भेटले.

"काऊन बे, इथं काय करून राह्यला?"

"भाऊजी, तो फोन कुठं गेला?"

"कोनता? तू नकली म्हनला तो?"

त्यांनी फवारणीची पेटी गाडीला बांधली, दोरी दोनदा सोडून पुन्हा बांधली. मग सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी भंगारवाला आला, मामाजींनी स्वतः नेऊन त्याच्या टोपल्यात ठेवला. तुझ्या सासूबाईंनी, वच्छलाबाईंनी, "देताच तं रिकाम्या हातानं काऊन," म्हणून बदल्यात लाल टब घेतला. त्या टबात आता तुम्ही कपडे भिजवता. मामाजी त्या टबाकडं पाहत नाहीत. न्हाणीकडं जायचं तर गोठ्याच्या बाजूनं वळसा घालून जातात.

आणि भाऊजींनी दुसरंही सांगितलं. शेषरावांकडून आठ दिवसांत नकार आला. मामाजी म्हणाले, घरचाच माणूस घराण्याला खोटं म्हणतो तिथं कोण पोरगा देईल. तेव्हापासून ते तुझ्याशी बोलत नाहीत. "पानी पायजे तरी छकुलीले सांगते, तुह्या मायले म्हनाव पानी दे. मंजू समोर उभी राहते अन् बुढा तिच्या पोरीले सांगते. तुले काय, तू बोलला अन् एसटीत बसला."

मी विचारलं, ताई काय म्हणते?

"काही नाई म्हनत. पानी देते."

ताई, हे तू मला कळवलं नाहीस. आई गेली त्या वर्षी मी शाळेतून पळून आलो की तू दप्तर लपवायचीस आणि बाबांना सांगायचीस, "गेल्ता शाळेत." तुला सगळं झाकता येतं, पण मी तुझा भाऊ आहे, सासर नव्हे.

म्हणून आता ठरवलं. फोन शोधायचा, खरा आहे हे सिद्ध करायचं आणि मामाजींच्या हातात द्यायचा. ते तुझ्याशी बोलतील. मला तेवढंच पाहिजे.

भंगारवाला शेगावचा निघाला. तीन भंगारवाले पालथे घालून चौथा सापडला. त्याला फोन आठवत होता. "पितळ झकास होतं भौ. पन तोडाले मन नाई झालं. मेहकरचा एक फोटोवाला जुन्या सायकली, कंदील घेत फिरे, त्याले देला." फोटोवाल्याचं नाव त्याला ठाऊक नाही. मेहकरमध्ये फोटोवाले कितीसे असतील.

इथं राख्यांची दुकानं लागलीत. उगाच पाहिली.

हरी


मेहकर, २४ ऑगस्ट

ताई,

सापडला.

मेहकरमध्ये फोटोवाले बरेच आहेत. सातव्या स्टुडिओत सापडला. मालक राजकुमार, माझ्याच वयाचा, केसांना दोन रंग. लग्नाआधीचे फोटो काढतात ना हल्ली, नवरा-नवरी शेतात पळतात, जुन्या देवळाच्या पायऱ्यांवर पाठीला पाठ लावून बसतात, ते याचं काम. त्यासाठी त्यानं सामान जमवलंय. मोडकी सायकल, ग्रामोफोनचा कर्णा, बैलगाडीचं एक चाक. आणि एका गोल टेबलावर, कापडी गुलाबांच्या मध्ये, मामाजींचा फोन. कोणीतरी डमरू उलटं टांगलं होतं.

मी विकत मागितला. नाही म्हणाला. "सीजन तोंडावर आहे, पोरींले हाच पायजे. उलट मी त्याले सोनेरी स्प्रे मारून राह्यलो उद्या." मी त्याला हातापाया पडून सांगितलं की रंग मारू नको, हवं तर मी फुकट काम करतो. "रिफ्लेक्टर धरनारा पोरगा पळून गेला," म्हणाला. "तीन हप्ते धर, मंग घेऊन जा. तोवर दुसरं काही पाहतो मी."

तर मी सध्या उन्हाचा तुकडा धरून उभा असतो. चांदीसारखं मोठं गोल कापड, त्यावर ऊन घ्यायचं आणि नवरीच्या तोंडावर सोडायचं. माझं लक्ष उडतं हे तुला माहीतच आहे. परवा वरून बगळ्यांचा थवा चालला होता, मी तो मोजत बसलो आणि ऊन नवरीऐवजी नवरदेवाच्या काकाच्या टकलावर. "अबे पाहून काय राह्यला, चांदी धर चांदी!" राजकुमार दिवसातून वीसदा ओरडतो. माणूस वाईट नाही. जेवताना भाजी मला आधी वाढतो.

नवऱ्या फोन उलटा धरतात. कानाचं डमरू तोंडाशी, बोलायचं फूल कानाशी. मी पहिल्या दिवशी सांगायला गेलो, आता सांगत नाही. त्या म्हणतात, "हॅलो, ऐकू येते का?" आणि चार हात अंतरावर नवरदेव मोबाइल कानाला लावून म्हणतो, "येते ना." मग सगळे हसतात, मग फोटो. फोनाची तार टेबलाखाली हातभर लोंबते आणि तिथंच संपते.

दुपारी सगळे जेवायला गेले की मी तो पुसून ठेवतो. चिंचेनं नाही, कोरड्या कापडानं. कधी कानाला लावून पाहतो. काही नसतं. नुसती हवा असते, तरी मी थोडा वेळ धरून ठेवतो.

तुझं पत्र मलकापुरात आलं असेल तर नारायणराव ठेवून देतील. मी त्यांना इथला पत्ता दिलेला नाही. का दिला नाही ते नंतर कधी.

हरी


मेहकर, १४ सप्टेंबर

ताई,

आज फोन माझ्या मांडीवर आहे. राजकुमारनं शब्द पाळला. निघताना म्हणाला, "लग्न ठरलं की ये, फुकटात काढून देतो फोटो." मी हो म्हटलं.

एसटी स्टँडच्या बाकावर बसून मी तळाची पत्री उघडली. तीन स्क्रू. स्क्रूच्या डोक्यावरची खाच बरोबर मधोमध नाही, जरा एका बाजूला, म्हणजे हातानं कापलेली. शोपीसमध्ये असले स्क्रू कोणी घालत नाही. आत चिंच कधी पोचली नव्हती, ताई. आतला काळा रंग कालच दिल्यासारखा, आणि पत्रीच्या आतल्या अंगाला ठोकलेला नंबर आणि साल, एकोणीसशे सोळा. दांड्याच्या पोकळीत राखाडी काहीतरी अडकलेलं होतं. मला वाटलं कोळ्याचं जाळं. चिमट्यानं ओढलं तर कापूस. रुईच्या पुंजक्यात एक सरकीसुद्धा. जिनिंगच्या हवेत जो उडतो तो कापूस श्वासासारखा आत ओढला जाऊन शंभर वर्षं तिथं बसलेला. कोणत्या दुकानदाराचा बाप तो घालू शकेल?

शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "काय आहे बाप्पा ते?" मी म्हटलं फोन. ती म्हणाली, "मंग लाव ना कोनाले."

आता पुढचं सांगतो. नारायणरावांकडून एक चिठ्ठी लिहून घेतो की फोन अस्सल आहे, चिंचेमुळं ओळखणाऱ्याची चूक झाली. ती चिठ्ठी आणि फोन घेऊन मी येतो. मामाजींच्या पाया पडतो, चूक झाली म्हणतो. शिकाऊ माणसाची चूक होते, ते समजून घेतील. मग सगळं पहिल्यासारखं. तू फक्त त्या वेळी समोर राहा. काही बोललीस नाही तरी चालेल.

कापूस मी कागदात बांधून ठेवलाय.

हरी


मलकापूर, २१ सप्टेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. बारा दिवस नारायणरावांच्या टेबलावर पडून होतं. पोस्टकार्ड, त्यामुळं त्यांनीही वाचलंच असणार. दोनच ओळी. "तू डमरू चोळून नाकाला लावलंस, तेव्हा मी पाणी घेऊन दारात होते. तू खोटं बोललास हे मला तेव्हाच कळलं, आता पत्रांतून चूक चूक लिहू नको."

मी ते कितीदा वाचलं ते सांगत नाही.

खरं आहे. कानाचं डमरू जुन्या कडक रबराचं असतं. अंगठ्यानं जोरात चोळून गरम केलं की त्याला गंधकाचा वास येतो, फटाक्याच्या टिकलीसारखा. प्लॅस्टिकला येत नाही. नारायणरावांनी मला सगळ्यात आधी शिकवलेली गोष्ट ती. मी तुमच्या बैठकीत, सगळे आंब्याच्या कोयींबद्दल बोलत असताना, तो वास घेतला. मला कळलं. आणि मी म्हटलं नकली आहे.

धंद्यातले लोक असं करतात. वस्तूला नावं ठेवायची, मालकाचं मन उतरलं की टाकून दिल्यासारखी उचलायची. घरात पडलेल्या भांड्यांसाठी चालतं ते. मला वाटलं मामाजी म्हणतील, ने मग बापा. देवघरातल्या वस्तूला कोणी नकली म्हटलं तर माणूस ती देत नाही, बापाची लाज म्हणून घराबाहेर काढतो, हे मला कळायला हवं होतं. मी फोनच पाहत होतो, मामाजींचा चेहरा पाहिलाच नाही.

मला विकायचा नव्हता. हे तू मानशील की नाही माहीत नाही. मला नारायणरावांच्या कपाटात तो ठेवायचा होता आणि त्याखालच्या कार्डावर त्या छापील अक्षरात माझं नाव पाहिजे होतं. बस. एवढं वाटलं होतं. माझं नाव कुठं लिहिलेलं नाही ताई, तुझ्या रेशनकार्डावरून कमी केल्यापासून तर कुठंच नाही.

पहिल्या पत्रात लिहिलं की नारायणरावांनी समजावलं. त्यांना मी काही विचारलंच नव्हतं. चिंचेचं मला आधीपासून ठाऊक होतं.

आज सकाळी फोन त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला, डमरू चोळलं, वास घेतला, आणि त्यांचे डोळे भरून आले. "कुठं भेटला रे?" म्हणाले. मी सगळं सांगितलं. बैठकीत काय बोललो ते, का बोललो ते. ते ऐकत असताना डमरू त्यांच्या हातातच होतं. मग त्यांनी ते आकड्याला नीट टांगलं.

"आजपावतो तू आनलेल्यात असे किती आहेत?"

"हा एकच."

"मले कसं कळन?"

त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. फोन अस्सल आहे, साल अमुक, नंबर अमुक. चूक झाली हे वाक्य त्यांनी लिहिलं नाही. मीही मागितलं नाही. चिठ्ठी दिली आणि म्हणाले, "कपाटाची किल्ली ठेव तिथं. जेवून जा."

जेवलो. माझ्या पिशवीत तीन शर्ट, फोन, चिठ्ठी आणि तुझं कार्ड एवढंच आहे. त्यांनी दार लावलं तेव्हा आतून कडीचा आवाज आला, आणि मला कळेना की डावीकडं जायचं की उजवीकडं. मग डावीकडं गेलो, कारण तिकडं एक माणूस कढईत फुटाणे भाजत होता.

उद्या तुमच्याकडं येतो. शिकाऊ माणसाची चूक वगैरे बोलणार नाही.

हरी


जळगाव जामोद, २४ सप्टेंबर

ताई,

परवा मी आलो तेव्हा तू शेतात होतीस, आणि काल आलो तेव्हा आत. ओट्यावर काय झालं ते तुला कितपत कळलं ठाऊक नाही. मामाजी सांगतील असं वाटत नाही. म्हणून लिहितो.

परवा मामाजी ओट्यावर मुगाच्या शेंगा चोळत बसले होते. मी फोन त्यांच्या खाटेवर ठेवला, चिठ्ठी ठेवली, कापूस ठेवला. त्यांनी कशाला हात लावला नाही. मी उभ्यानंच सांगितलं की मामाजी, मला तेव्हाच माहीत होतं हा खरा आहे. मला पाहिजे होता म्हणून खोटं बोललो. ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं.

शेवटचं वाक्य खोटं आहे, तुला दारातून दिसलं होतं. पण ते मी बोललो. रागावू नको.

ते शेंगा चोळत राहिले. टरफलं वेगळी, दाणे वेगळे. मग म्हणाले, "मले काऊन सांगून राह्यला? शेषरावसमोर बोल्ला होता नं. शेषरावसमोरच बोल."

काल सकाळी मी मलकापूरला गेलो. शेषरावांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक संपेपर्यंत उभा राहिलो, मग सगळं सांगितलं. फोन खरा होता, रामरावांचे, म्हणजे मामाजींचे, वडील खरे होते, मी खोटा होतो. ते डोकं खाजवत म्हणाले, "फोन? कोनता फोन?"

मी हातानं आकार करून दाखवला.

"नाई बा आठवत. तुमच्याकडं आमरस मातर झकास होता, तो ध्यानात आहे."

मी म्हटलं, मग नकार? ते हसले आणि जरा ओशाळले. पोराचं त्याच्याच ऑफिसातल्या मुलीशी ठरलं होतं. यांना पसंत नव्हतं, म्हणून चार ठिकाणी मुली दाखवून पाहिल्या, मन वळतं का म्हणून. "तुमची पोरगी गुणाची होती. आमचंच नाणं..." असं काहीतरी म्हणाले. मला चहा पाजला. मी दुकानातून बाहेर आलो आणि मका, भेंडी, वांगी असल्या पाकिटांवरची चित्रं पाहत उभा राहिलो.

येताना एसटीत मी दोन्ही तऱ्हेनं घोकून पाहिलं. मामाजींना सांगावं की शेषरावांना सगळं आठवतं, त्यांनी कान धरून ऐकलं, म्हणाले रामरावांचा बाप मोठा माणूस. सोपं होतं. वाक्यं तयार होती. मला वाक्यं पटकन सुचतात, तो माझा रोग आहे.

काल दुपारी पोचलो. फोन अजून खाटेवरच होता, चिठ्ठीवर दगड ठेवलेला. फक्त कापसाची पुडी उघडलेली होती. सरकी मामाजींच्या हातात होती, ते ती बोटांत फिरवत होते.

"बोल्ला?"

"बोल्लो."

"काय म्हने?"

मी सांगितलं. पोराचं आधीच ठरलं होतं, फोनाशी नकाराचा काही संबंध नव्हता.

"अन् फोनाचं? फोनाचं काय म्हने?"

त्यांचा चेहरा मी या वेळी पाहत होतो, ताई. म्हातारा माणूस परीक्षेच्या निकालाला उभा असल्यासारखा. वाक्य माझ्या जिभेवर होतं.

"त्याईले आठवत नाई, मामाजी. आमरस आठवते."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो पार स्टँडपर्यंत ऐकू येत राहिला. मला वाटलं मी पुन्हा एकदा त्यांच्या बापाला मारलं. मग ते बोलले, पण माझ्याशी नाही, त्या सरकीशी बोलल्यासारखे.

"मंग पाच महिने मी कोनाच्या लाजेनं गप होतो?"

आणि दाराकडं तोंड करून, घसा दोनदा खाकरून, त्यांनी हाक मारली, "मंजू, चहा ठेव वं."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. मग तू म्हणालीस, "हाव, मामाजी."

एप्रिलनंतर तुझा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. माझ्यासाठी नव्हता, तरी पूर्ण ऐकला.

मामाजी मला बस म्हणाले नाहीत, जाही म्हणाले नाहीत. आत स्टोव्हचा आवाज सुरू झाला तेव्हा मी उठलो, पिशवी घेतली आणि निघालो. नाहीतर चहा घेऊन तुला बाहेर यावं लागलं असतं.

हरी